आण्णांचा एक्स-रे क्लिअर आलाय, तरी लो-डोस सीटी करून घ्यावा का?

विटेकर_८९

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठाय, दमानं वाचा.

आमचे आण्णा, वय ६४. आमचं गाव खानापूर तालुक्यात, आणि आमच्याकडच्या निम्म्या घरांसारखंच आण्णा पण एकोणिसाव्या वर्षी गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर पडले. आधी कोईमतूरला दुसऱ्याच्या दुकानात, मग तिथंच स्वतःचं छोटं दुकान टाकलं. भट्टी, ॲसिड, धूर सगळं एका दहा बाय बाराच्या खोलीत, आणि झोपायला पण तीच खोली. बिडी तिथंच लागली. सुरवातीला दिवसाला सात-आठ, नंतर नंतर जवळपास आख्खं बंडल. चार वर्षांपूर्वी दुकान आवरून गावाकडं आले आणि नातू झाल्यावर बिडी सोडली, ती पण स्वतःहून, कुणी सांगायला गेलं नव्हतं.

आता भानगड अशी की मागच्या वर्षी आमचे धाकटे चुलते गेले. ते पण गलाईतलेच, बिडी त्यांची आण्णांपेक्षा जास्तच. खोकला होता म्हणून एका खाजगी डॉक्टरनी एक्स-रे बघितला, टीबी आहे म्हणाले आणि गोळ्या चालू केल्या, थुंकी तपासलीच नाही. पाच महिने गोळ्या खाल्ल्या, वजन उतरतच गेलं, मग छातीत पाणी झालं आणि ते काढून तपासल्यावर कळलं फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि चौथी स्टेज आहे. त्यानंतर सात महिने.

तेव्हापासनं माझ्या डोक्यात आण्णांचंच चाललंय. गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज केलं, त्यात छातीचा एक्स-रे होता आणि सीईए नावाचा ट्यूमर मार्कर (रक्तात कॅन्सरची खूण बघायची टेस्ट) पण होता. दोन्ही नॉर्मल. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. पण माझा मित्र पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो एक्स-रेला काही अर्थ नाही, परदेशात बिडी-सिगरेटवाल्यांचा दरवर्षी लो-डोस सीटी (कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन) करतात, तो कर.

आण्णांना खोकला नाही, वजन तसंच आहे, सकाळी चार किलोमीटर चालून येतात. ते म्हणतात मला काय धाड भरलीय. करावं का? कुठं कुणी केलाय का आपल्याकडं? आणि रेडिएशनचं काय?

वाळव्याचा_वाघ

भावा एक सांगू का, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं कशाला? माणूस चार किलोमीटर चालतोय, जेवतोय, झोपतोय. मशिनीत घातलं की काय ना काय निघणारच, मग हे डॉक्टर ते डॉक्टर, मिरजेच्या चकरा आणि घरचे सगळे रडकुंडीला. आमच्या आज्यानं नव्वदीपर्यंत चिलीम ओढली, त्याला काय झालं नाही. उगं आण्णांचं सुख घालवू नको.

छातीचा_डॉक्टर_मिरज

विटेकर, मी मिरजेत छातीच्या आजारांची ओपीडी करतो. पेशंट न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा. प्रश्न नीट विचारलाय म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा मित्र एक्स-रेबद्दल बरोबर बोलतोय. एक्स-रेनं स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसतानाच कॅन्सर शोधणं, होतं का हे बघून झालंय. अमेरिकेत पीएलसीओ म्हणून अभ्यास झाला, दीड लाखावर माणसं, निम्म्यांना सुरवातीची तीन-चार वर्षं दरवर्षी एक्स-रे आणि निम्म्यांना काहीच नाही. २०११ ला निकाल आला, फुप्फुसाच्या कॅन्सरनं जाणाऱ्यांत फरक शून्य. सेंटीमीटरच्या आतली गाठ एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, हृदयाच्या मागं किंवा कॉलरबोनच्या सावलीत असली तर मोठी पण निसटते. आणि सीईए तर स्क्रीनिंगची टेस्टच नाही. बिडी ओढणाऱ्याचा तो आपोआप थोडा वाढलेला असतो आणि खरा कॅन्सर असलेल्याचा कित्येकदा नॉर्मल असतो. पॅकेजमध्ये घालायला बरा दिसतो एवढंच. तेव्हा पेढे नका वाटू.

आता सीटी. त्याच २०११ साली एनएलएसटी नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, तो पण अमेरिकेतलाच. ५३ हजारांवर लोक, वय ५५ ते ७४, सगळे जबर ओढणारे किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेले. निम्म्यांना तीन वर्षं दरसाल लो-डोस सीटी, निम्म्यांना एक्स-रे. सीटीवाल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. नंतर २०२० ला नेदरलँड्स आणि बेल्जियमचा नेल्सन अभ्यास आला, त्यात पुरुषांमध्ये १० वर्षांनी २४ टक्के कमी. म्हणजे उपयोग होतो, त्यात आता शंका राहिलेली नाही.

पण २० टक्के ऐकून हुरळून जायचं नाही, हजारी हिशोब मांडून बघा. एनएलएसटीत साधारण साडेसहा वर्षांत एक्स-रेवाल्या हजारातले २१ जण या कॅन्सरनं गेले आणि सीटीवाल्या हजारातले १८. हजारात तीन माणसं वाचली. ज्याच्या घरातलं ते माणूस आहे त्याला तीन म्हणजे लहान आकडा नाही. मात्र त्याच हजारातल्या ३६५ जणांना कधी ना कधी “काहीतरी दिसतंय” असं सांगितलं गेलं आणि शेवटी तो कॅन्सर नव्हता. त्यातल्या २५ जणांना त्यापायी सुई, दुर्बीण नाहीतर ऑपरेशन करून घ्यावं लागलं. वाघसाहेब म्हणतात ते अगदीच खोटं नाही, फक्त त्यांच्या आजोबांचं उदाहरण चुकीचं आहे, कारण चिलमीनं साठीत गेलेले आजोबा कुणी फोरमवर सांगायला येत नाही.

आता हे आकडे अमेरिकेतले. आपल्याकडं टीबी घरोघरी होऊन गेलाय, बऱ्याच जणांना झाला आणि बरा झाला हे माहीत पण नसतं. त्याचे जुने डाग, गाठी, चुन्यासारखे कडक झालेले ठिपके आपल्या माणसांच्या फुप्फुसात सर्रास सापडतात. म्हणजे “काहीतरी दिसतंय”चं प्रमाण आपल्याकडं जास्तच धरायचं. पेट स्कॅन (कॅन्सरची गाठ चमकून दिसते तो स्कॅन) करून भागेल म्हणाल तर टीबीची गाठ पण पेटमध्ये चमकते. म्हणून स्क्रीनिंगला बसवायच्या आधी मी तीन गोष्टी विचारतो, तुम्ही पण आण्णांना विचारा.

बिडीचा हिशोब किती? परदेशात पॅक-इयर मोजतात, रोज २० सिगरेटी एक वर्ष ओढल्या की एक पॅक-इयर. अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे वय ५० ते ८०, कमीत कमी २० पॅक-इयर, आणि अजून ओढतोय किंवा सोडून १५ वर्षं व्हायची आहेत, अशा माणसाला दरवर्षी लो-डोस सीटी. आधी ५५ वय आणि ३० पॅक-इयर होतं, ते खाली आणलं. बिडीत तंबाखू सिगरेटच्या पाव भागाच्या आसपास असतो म्हणून लोक “चार बिड्यांची एक सिगरेट” असा हिशोब लावतात, तो लावू नका. टेंभुर्णीचं पान हवा सोडत नाही, बिडी विझायला बघते, माणूस जोरात आणि सारखा ओढतो, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच. मी एक बिडी एक सिगरेट धरतो.

दुसरं, आधी टीबी झाला होता का, कधी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेतली होती का. हे घरच्यांना न विचारता त्यांनाच एकट्याला विचारा, का ते विचारल्यावर कळेल.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लहान गाठ निघालीच आणि ऑपरेशन करूया म्हटलं तर ते तयार होणार आहेत का? फुप्फुसाचा एक भाग काढायचं ऑपरेशन झेपेल एवढी तब्येत आहे का? जो माणूस काहीही झालं तरी ऑपरेशन करणार नाही म्हणतो त्याचं स्क्रीनिंग करून आपण फक्त त्याची झोप घालवतो. शिफारशीत पण स्पष्ट आहे, ऑपरेशन झेपणार नसेल किंवा नको असेल तर स्क्रीनिंग थांबवा.

रेडिएशन: लो-डोस सीटीत साधारण दीड मिलीसिव्हर्ट, छातीच्या नेहमीच्या सीटीत सात. निसर्गातून आपल्याला वर्षाला दोन-तीन तसंच मिळतं. म्हणजे एकदा केला तर घाबरायचं कारण नाही, पण दरवर्षी चालणारी गोष्ट आहे म्हणून चिठ्ठीवर “लो-डोस, कॉन्ट्रास्ट नको” असं लिहून घ्या (कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतनं द्यायचं औषध), नाहीतर सेंटरवाले सवयीनं नेहमीचाच काढतात. उपाशी राहायला लागत नाही, सुई नाही, पाच-दहा सेकंद श्वास धरायचा, झालं.

विटेकर_८९

डॉक्टरसाहेब लय उपकार झाले, एवढं कुणी दवाखान्यात समोर बसून पण सांगत नाही. हिशोब केला. १९ ते ६० म्हणजे ४१ वर्षं, सरासरी दिवसाला १५ बिड्या धरल्या तर ३० पॅक-इयर होतात. सोडून चारच वर्षं. म्हणजे बसतात की ओ ते त्यात.

गलाईचा धूर त्यात मोजायचा का नाही? चुलत्यांच्या वेळी कुणी ते विचारलंच नव्हतं.

कुपवाड_फौंड्री

विटेकर मी केलाय, दोन वर्षं झाली, म्हणून माझी गोष्ट सांगतो, डॉक्टरांएवढं मला येत नाही पण सोसलंय मी.

वय ५६. कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत २८ वर्षं, मोल्डिंगला, म्हणजे वाळूच वाळू, आणि सिगरेट रोज एक पाकीट. मेव्हणा पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात टेक्निशियन, त्यानं बळंच करायला लावला. तीन-साडेतीन हजार गेले तेव्हा. रिपोर्ट आला त्यात उजव्या बाजूला वरच्या भागात ९ मिमीची गाठ. बास, पायाखालची जमीनच गेली. बायकोला सांगितलं नाही आठ दिवस. रात्री उठून मोबाईलवर वाचत बसायचो, जे वाचू नये ते सगळं वाचलं. पोरीचं लग्न ठरत होतं, म्हटलं आता लग्न आधी करायचं का ऑपरेशन आधी. एलआयसीचे कागद काढून बघितले, खोटं कशाला बोलू.

एका डॉक्टरनी सांगितलं लगेच बायोप्सी, उद्याच या. दुसरे एक होते त्यांनी सीटीची सीडी संगणकावर स्वतः उघडून बघितली, कागद वाचला नुसता असं नाही, आणि म्हणाले तीन महिन्यांनी याच मशिनवर याच पद्धतीनं परत काढू, तोवर सिगरेट बंद. म्हटलं तीन महिने? मला काय तीन महिने झोप लागणाराय? ते म्हणाले कॅन्सर असला तर वाढेल आणि आपल्याला दिसेल, नसला तर तुझ्या छातीत विनाकारण सुई जाणार नाही, सुईनं फुप्फुस फाटून हवा भरू शकते. ते तीन महिने मी कसे काढले माझं मला माहिती. तीन महिन्यांनी ९ ला ९. मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. तशीच आहे. थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही. डॉक्टर म्हणतात जुना डाग असणार, नाहीतर वाळूचा प्रताप.

करू नको असं मी म्हणत नाही हां. माझी सिगरेट त्या ९ मिमीनं सुटली, बायकोच्या शिव्यांनी वीस वर्षांत सुटली नव्हती. पण डोकं तयार ठेवूनच जा. आणि सीडी मागून घ्या, नुसता कागद घेऊन येऊ नका, पुढच्या वेळी तुलना करायला तीच लागते. आमच्या फौंड्रीतल्या एकाची सीडी घरात पोरांनी खेळायला घेतली, गेली.

छातीचा_डॉक्टर_मिरज

कुपवाड, तुमच्या त्या दुसऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलं ते नियमाप्रमाणेच केलं. लो-डोस सीटीचे रिपोर्ट वाचायला लंग-रॅड्स नावाची पद्धत आहे. पहिल्याच सीटीत ६ मिमीच्या आतली घट्ट गाठ दिसली तर वर्षानं परत बघा, ६ ते ८ मध्ये असली तर सहा महिन्यांनी, ८ ते १५ असली तर तीन महिन्यांनी, आणि १५ च्या वर गेली की मग पेट, बायोप्सी वगैरे. पूर्ण चुना भरलेली गाठ असली तर ती निरुपद्रवीच धरतात. रिपोर्टवर लंग-रॅड्सचा आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा, लाजायचं कारण नाही.

वाढ कशी मोजतात ते पण सांगतो, कारण पेशंट इथं फसतात. गाठ म्हणजे चेंडू. व्यास ८ चा १० झाला तर लोकांना वाटतं दोनच मिमी वाढली, पण आकारमान जवळपास दुप्पट झालेलं असतं. कॅन्सर साधारण महिनाभर ते वर्षभरात दुप्पट होतो. त्यामुळं दोन वर्षं जी घट्ट गाठ हलली नाही तिच्याकडं आम्ही शांतपणे बघतो. आणि एका वेळी एका मशिनवर, दुसऱ्या वेळी दुसऱ्या, असं करू नका, एक-दीड मिमीचा फरक नुसत्या मोजण्यात येतो आणि मग नुसता गोंधळ.

गलाईचा धूर: विटेकर, चांगला प्रश्न. सोन्याचे जोड लावायच्या जुन्या डागात कॅडमियम नावाचा धातू असायचा, तेच ते “केडीएम”. कॅडमियम आणि फौंड्रीची सिलिका धूळ, दोन्ही फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पहिल्या गटात टाकलेत, पहिला गट म्हणजे शंका नाही. पण अमेरिकेच्या त्या वय आणि पॅक-इयरच्या नियमात धंदा मोजायला जागा नाही. तुमच्या आण्णांना त्याची गरजच नाही, ते बिडीवरच बसतात, वर सख्खा भाऊ गेलाय. धंद्याची माहिती मात्र केसपेपरवर लिहायला लावा. आमच्या ओपीडीत “धंदा?” विचारलं की गलाईवाले “शेती” सांगतात. गावाकडं आल्यावर ते खरंच शेतीच करत असतात ना.

पाटणची_लेक

डॉक्टर, मधेच विचारते. माझी आई, पाटण तालुका, वय ५८, विडी-सिगरेट कधी नाही, मशेरी मात्र लावते दिवसातून तीनदा. सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं, गॅस आलाय पण भाकरी अजून चुलीवरच लागते सगळ्यांना. तिची सख्खी बहीण फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली, तिनंही कधी ओढली नव्हती. आईचा करू का? सगळीकडं ओढणाऱ्यांचंच लिहिलेलं असतं.

छातीचा_डॉक्टर_मिरज

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं विटेकरांसारखं सरळ उत्तर नाही. न ओढणाऱ्या बायकांना हा कॅन्सर होतो, आपल्या देशात बऱ्यापैकी होतो. चुलीचा लाकडाचा धूर “बहुधा कारण” या गटात आहे, घरात कोळसा जाळणं पक्क्या गटात. पण ज्या अभ्यासांनी सीटीनं जीव वाचतात हे दाखवलं ते सगळे ओढणाऱ्यांवर झालेत. तैवाननं २०२२ पासून सरकारी कार्यक्रमात घरात कॅन्सर झालेल्या न ओढणाऱ्यांना पण घेतलंय, तिथं अशा बायकांत गाठी सापडतात हे खरं, पण त्यातल्या किती गाठींनी त्या बाईला पुढं त्रास दिला असता यावर वाद आहे. आईच्या बाबतीत मी आधी एकदा प्रत्यक्ष बघून ठरवीन, फोरमवरून हो म्हणणार नाही. चुलीवरच्या भाकरीचं काहीतरी करा, निदान धुरांडं तरी बसवा, ते आजच करता येईल. आणि मशेरी आहे तर तोंड तपासून घ्या, मशेरीचा धोका फुप्फुसापेक्षा तोंडाला जास्त.

सिस्टर_जत

मशेरीवरनं आठवलं म्हणून लिहिते. मी उपकेंद्रात आहे. आमच्याकडं ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर आणि कॅन्सरची तपासणी असते, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड एवढे तीन. फुप्फुसाचा सरकारी स्क्रीनिंग कार्यक्रम आपल्या देशात नाही. लोक येतात आणि म्हणतात “सिस्टर, टीबीच्या १०० दिवसांच्या मोहिमेत आमचा एक्स-रे काढलाय, नॉर्मल आहे, आता बिडी ओढली तर चालती.” तो एक्स-रे टीबी शोधायला होता हो! किती वेळा सांगायचं.

आणि अजून एक, स्क्रीनिंग म्हणजे काहीच त्रास नसलेल्या माणसाचं. ज्याला तीन आठवड्यांवर खोकला आहे, थुंकीतनं रक्त पडलंय, आवाज बसलाय तो सुटत नाही, वजन उतरतंय, त्यानं लो-डोस का हाय-डोस हा विचार करत बसायचं नाही, सरळ यायचं. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे, सीबीनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधायची मशिनवरची टेस्ट) पण. विटेकर, तुमच्या चुलत्यांच्या थुंकीची एक डबी कुणी दिली असती ना तर पहिल्या महिन्यातच शंका तरी आली असती की हे टीबी नसेल, दुसरं काहीतरी शोधा. हे वाचून मला लय वाईट वाटलं.

आण्णांना न्यायचं कसं ते सांगू? “तुम्हाला काय झालंय का बघू” म्हणू नका. गलाईवाल्या माणसाला कस लावणं कळतं. बिडी सोडलीय, सोनं किती शुद्ध राहिलंय बघू म्हणा.

वाळव्याचा_वाघ

सिस्टर डायलॉग भारी.

डॉक्टर आजोबांचं मान्य, तो युक्तिवाद कच्चा होता. पण माझा मुद्दा अजून आहे. हजारात तीन वाचणार आणि तीनशे पासष्टांची झोप जाणार, आणि खर्च ज्याचा त्याचा. दरवर्षी तीन-साडेतीन हजार, वर गाडीभाडं, आणि गाठ निघाली की बाकीचं सगळं वेगळंच. तेवढ्या पैशात गावातल्या दहा जणांची बिडी सोडवली तर जास्त माणसं वाचतील का नाही सांगा.

छातीचा_डॉक्टर_मिरज

वाचतील. यावर तुमच्याशी भांडायला माझ्याकडं काही नाही. अमेरिकेत सरकारी विम्यातनं हा सीटी करायचा तर आधी डॉक्टरनी पेशंटला बसवून फायदे-तोटे सांगायचे आणि सिगरेट सोडायचं बोलायचं, अशी अटच होती सुरवातीला, ती उगाच नव्हती. सीटी काढून बाहेर पार्किंगमध्ये येऊन सिगरेट पेटवणारे मी बघितलेत, “क्लिअर आलंय ना” म्हणून. त्यांच्यासाठी तो सीटी म्हणजे परवानाच झाला. क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा) नंबर पाकिटावरच छापलेला असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पण विटेकरांच्या आण्णांची बिडी सुटलेली आहे वाघसाहेब. सोडून दहा वर्षं झाली तरी धोका निम्म्यावर येतो, शून्यावर येत नाही. त्यांच्यासाठी आता जे करता येतं त्यात हे एक आहे.

विटेकर_८९

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा.

सिस्टर, तुमचा कस लावायचा डायलॉग मारला. आण्णा हसले आणि म्हणाले सोनं नाही आता, पितळ आहे, चल. पण त्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं एकट्याला विचारायचं होतं. रानात पाण्याची पाळी होती रात्रीची, मोटरीवर बसलो होतो दोघंच, तेव्हा विचारलं, आण्णा तुम्हाला कधी टीबी झाला होता का. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले ८८ साली, कोईमतूरला. दोन महिने रोज इंजेक्शन, मग वर्षभर गोळ्या. दुकानमालकाला पण सांगितलं नव्हतं, काढून टाकलं असतं. गावाकडं कळवलं नाही कारण तेव्हा लग्नाची बोलणी चालली होती. आईला आजतागायत माहिती नाही. सदतीस वर्षं. मला म्हणाले तू पण सांगू नको. मी इथं लिहितोय कारण इथं आम्हाला कुणी ओळखत नाही.

ऑपरेशनचं पण विचारलं. म्हणाले लहान असलं तर करू, भावासारखं झालं असलं तर मला घरी राहू दे. मी बरं म्हटलं.

सीटी मिरजेला केला, चिठ्ठीवर लो-डोस लिहून घेतलं होतं तरी काउंटरवर परत सांगायला लागलं. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला वर दोन चुना भरलेल्या गाठी, ते टीबीचंच म्हणाले, आणि उजव्या बाजूला खाली एक ५ मिमीची घट्ट गाठ, लंग-रॅड्स २, वर्षानं परत. थोडा एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होणं) पण आहे, त्याला पंप दिलाय. चेस्टच्या डॉक्टरांनी पहिल्याच झटक्यात विचारलं टीबी होऊन गेलाय ना, आणि आण्णांनी माझ्याकडं न बघता हो म्हटलं. आई बाहेर बाकड्यावर बसली होती.

त्या ५ मिमीचं डोक्यात येतं रात्री, कुपवाडभाऊ, तुमचं खरं आहे. ९ वाल्यानं कसं काढलं असेल असं वाटतं. आण्णा मात्र मजेत आहेत, चालणं चार किलोमीटरचं पाच केलंय. सीडी सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलीय, तिथं पोरं जात नाहीत.

एक राहिलं. चुलत्यांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, ४१ वर्षांचा, अजून कोईमतूरलाच आहे आणि बिडीच्या जागी सिगरेट, दिवसाला दहा. त्याचं वय बसत नाही ना यात?

छातीचा_डॉक्टर_मिरज

नाही बसत. त्याला सीटी नको, त्याला फोन करा.